मानदुखी आणि पिलाटेस : थोडी ओळख, थोडा अनुभव

दिल्लीच्या मंडी हाउस चौकातून निघून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग येथील मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन सुरू होईपर्यंत कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या अनेक महाराष्ट्रीयांची पावले प्रथम येथेच वळत. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह आणि श्रीराम भारतीय कला केंद्रही याच मार्गावर असल्याने संध्याकाळी येथे नोकरदारांबरोबरच नृत्यनाट्याच्या रसिकांची आणि पाठीला पिशवी लावून वर्गाला निघालेल्या मुलामुलींची वर्दळ असते.

बदली होऊन मी दिल्लीस आले तेव्हा माझी कन्या आठ वर्षांची होती. मंडी हाउसच्या परिसरातील एका कथकवर्गात तिचे नाव घातले. शनिवारी तिचा वर्ग सुटेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहत असे. एके दिवशी गुरुजींनी मुलींना मानेची हालचाल शिकवली. ‘अभिनयदर्पण’ या प्राचीन ग्रंथात मानेच्या चार हालचाली सांगितल्या आहेत : सुंदरी, तिरश्चीना, परिवर्तिता आणि प्रकंपिता. त्यांतील सुंदरी म्हणजे खांदे स्थिर ठेवून मान उजवीकडून डावीकडे अलगद सरकवणे. घरी आल्यावर कन्येने ती मोठ्या कौतुकाने करून दाखवली आणि म्हणाली, “आई, आता तू कर ना!”

मी प्रयत्न केला. उजव्या कानामागून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आले. कन्या घाबरली आणि पुन्हा कधी तिने मला ‘करून दाखव’ म्हटले नाही. तेव्हा माझे वय छत्तीस होते आणि मानेचे दुखणे दीड वर्षाचे झाले होते. एका डॉक्टरांच्या सल्ल्याने मी अनेक महिने गळपट्टा वापरत होते. तो काढला की मान अधिकच असहाय वाटे. वेदनाशामक गोळ्या पर्समध्ये कायमच्या झाल्या होत्या. पदोन्नतीच्या प्रक्रियेतून नाव मागे घेण्याचे पत्रही मी लिहून ठेवले होते, कारण अधिक जबाबदारी म्हणजे संगणकापुढे अधिक तास, एवढेच मला दिसत होते.

त्यानंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. नर्तकांवर उपचार करण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी माझी मान तपासली आणि नंतर बराच वेळ माझे खांदे, पाठ, पोट व श्वास तपासला. शेवटी त्या म्हणाल्या, “दुखते मान, पण काम करायला हवे ते तिच्या खाली.” त्यांनी शिकवलेल्या व्यायामांचे नाव पिलाटेस. या व्यायामाची ओळख, त्यामागचे शास्त्र आणि त्याच्या मर्यादा आपल्या ग्राहकांना व सहकाऱ्यांना उपयोगी पडतील, या हेतूने हा लेखनप्रपंच.

मान का दुखते?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यास वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन म्हणतात. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. अशा दुखण्यांपैकी बहुसंख्य दुखण्यांत हाड मोडलेले नसते, नस तुटलेली नसते आणि क्ष-किरण छायाचित्रातही वेदनेचे नेमके कारण सापडत नाही. मणक्यांची झीज चाळिशीनंतर पुष्कळांच्या छायाचित्रात दिसते. त्यांतील अनेकांना काहीही दुखत नसते. म्हणून ‘झीज आहे’ एवढे ऐकून धीर सोडण्याचे कारण नाही.

मानेत सात मणके असतात आणि त्यांवर सुमारे पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. डोके खांद्यांच्या बरोबर वर असले की हा भार हाडे, चकत्या आणि स्नायू यांच्यात नीट वाटला जातो. ते पुढे झुकले की मागचे स्नायू सतत ओढलेले राहतात. न्यूयॉर्कमधील मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली यासंबंधी एक गणित मांडले. मान १५ अंश झुकली तर मानेवरील भार सुमारे १२ किलो, ३० अंशांवर १८ किलो, ४५ अंशांवर २२ किलो आणि ६० अंशांवर २७ किलो होतो. हे आकडे गणिती प्रतिमानावरून काढलेले आहेत, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत. तरी मोबाइल मांडीवर ठेवून पाहताना मान का भरून येते, हे समजण्यास ते पुरेसे आहेत.

परंतु मान झुकणे हेच एकमेव कारण नव्हे. एकाच स्थितीत फार वेळ राहणे हे तितकेच महत्त्वाचे कारण आहे. आपल्या बँकेतील ज्येष्ठ सहकारी खतावण्यांच्या काळाच्या आठवणी सांगतात. लेजर जाडजूड असत. ते कपाटातून काढायचे, काउंटरवर मांडायचे, सही पडताळण्यासाठी अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत न्यायचे, व्हाउचर घेऊन रोखपालाकडे जायचे. या येरझारांत शरीराची हालचाल आपसूक होत असे. आता खाते, सही, शिल्लक आणि मंजुरी सारे एकाच पडद्यावर येते. ग्राहकाचा वेळ वाचला ही मोठीच सोय झाली. मात्र कर्मचाऱ्याची मान सकाळी दहा वाजता ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत दुपारी दोनपर्यंत राहू लागली. आपल्या ग्राहकांपैकी शिंपी, सोनार, वह्या तपासणारे शिक्षक आणि संगणकावर काम करणारे तरुण यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. त्यात अपुरी झोप व मनावरचा ताण यांची भर पडली की वेदना अधिक तीव्र जाणवते. मार्चअखेरीस मान अधिक दुखते हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल.

मानेचा आधार कोठे असतो?

मानेच्या पुढच्या बाजूस, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून लहान लहान खोल स्नायू असतात. डोके तोलून धरण्याचे अविरत काम त्यांचे. दुखणे जुने झाले की अनेक रुग्णांत हे खोल स्नायू दुर्बल होतात आणि उशिरा प्रतिसाद देतात. मग त्यांचे काम मानेच्या मागचे व बाजूचे वरवरचे मोठे स्नायू करू लागतात. हे स्नायू ओझे उचलण्यासाठी आहेत, दिवसभर पहारा देण्यासाठी नव्हेत. म्हणून ते थकतात, आखडतात आणि दुखतात. आपण तेथे मलम चोळतो, शेक देतो. तासभर बरे वाटते आणि दुखणे पुन्हा येते, कारण मूळ कामगार अजून रजेवरच असतो.

दुसरा आधार पाठीवरच्या खांद्याच्या पात्यांचा, म्हणजे खवाट्यांचा. हात जड वाटतात ते खांद्याला. पण खवाटे वर उचलून धरणारे काही स्नायू थेट मानेच्या मणक्यांपासून निघतात. खवाट्यांना खालून व बाजूने आधार देणारे स्नायू अशक्त असतील तर दोन्ही हातांचे वजन मानेला लोंबकळते. तिसरा आधार छातीच्या मागच्या मणक्यांचा आणि पोटाचा. पोक काढून बसले की समोर पाहण्यासाठी हनुवटी पुढे काढावीच लागते. कंबर व पोट सावरले की पाठ सरळ होते आणि मान आपोआप जागेवर येते.

ज्याच्या नावाने आमचा हा मार्ग ओळखला जातो, त्या निकोलस कोपर्निकसने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पृथ्वीऐवजी सूर्य केंद्रस्थानी ठेवला आणि ग्रहांच्या अवघड वाटणाऱ्या हालचालींचा उलगडा होऊ लागला. मानदुखीतही काहीसे असेच आहे. जे दुखते तेच केंद्र मानून आपण सारे उपाय मानेभोवती फिरवतो. केंद्र थोडे खाली, धडाकडे नेले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. पिलाटेस व्यायामपद्धतीचा पायाच हा आहे.

जोसेफ पिलाटेस : व्यक्ती आणि पद्धत

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील म्योनशेनग्लाडबाख येथे झाला. बालपणी दमा, मुडदूस आणि सांधेज्वर यांनी त्यांना ग्रासले होते. या दुबळेपणावर मात करण्यासाठी त्यांनी व्यायामाचा ध्यास घेतला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना प्रथम लँकेस्टर आणि नंतर आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथे त्यांनी सोबत्यांना व्यायाम शिकवला. अंथरुणावरून न उठू शकणाऱ्यांसाठी त्यांनी पलंगाच्या स्प्रिंगा वापरून साधने तयार केली, असे सांगितले जाते. आज मोठ्या शहरांतील व्यायामगृहांत दिसणाऱ्या स्प्रिंगांच्या यंत्रांचे मूळ तेथे शोधले जाते.

१९२६ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्यायामशाळा चालवली. जॉर्ज बॅलनचीन आणि मार्था ग्रॅहॅम यांसारख्या नृत्यदिग्दर्शकांशी त्यांचा संबंध आला आणि दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. कोपर्निकस मार्गाच्या परिसरात हे व्यायाम मला नर्तकांच्या संगतीने भेटले, तो योगायोग असला तरी परंपरेला धरूनच होता. पिलाटेस स्वतः आपल्या पद्धतीस ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत. १९४५ साली त्यांनी याच नावाने आपले व्यायाम पुस्तकरूपाने मांडले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या परंपरेतील अभ्यासकांनी या पद्धतीची सहा तत्त्वे सांगितली : एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, ओघ, अचूकता आणि श्वास. व्यायाम किती वेळा केला यापेक्षा तो किती नीट केला, याला येथे महत्त्व आहे.

मराठी वाचकाला यात बरेच ओळखीचे वाटेल. औंधच्या संस्थानाधिपतींनी प्रसारित केलेले सूर्यनमस्कार, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामातील योगाचे शास्त्रीय संशोधन आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, विटा व उशा यांच्या साहाय्याने आजारी माणसासाठीही सुलभ केलेली आसने, ही आपली परंपरा आहेच. श्वास आणि हालचाल यांचा मेळ दोहोंतही आहे. आसनात एका स्थितीत स्थिर राहण्यावर भर असतो. पिलाटेसमध्ये धड स्थिर ठेवून हातपाय संथपणे हलवण्यावर. म्हणून जो नियमाने योगाभ्यास करतो त्याने तो सोडून इकडे यावे, असे मी मुळीच सुचवत नाही.

अभ्यास काय सांगतात?

२०१६ साली ‘फिजिओथेरपी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन मानदुखी असलेल्या ५६ व्यक्तींपैकी काहींनी प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली पिलाटेसचे, तर काहींनी योगाचे बारा वर्ग केले आणि उर्वरितांनी यांपैकी काहीच केले नाही. पिलाटेस आणि योग या दोन्ही गटांत वेदना व दैनंदिन कामातील अडचण कमी झाली. काहीच न करणाऱ्या गटात अडचण तशीच राहिली. दोन्ही व्यायामांच्या परिणामांत फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे. पण त्याचा बोध सरळ आहे. व्यायामाच्या नावापेक्षा तो समजून व नियमाने करणे मोलाचे.

२०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात मानदुखीवरील व्यायामांचे अनेक प्रयोग एकत्र तपासण्यात आले. मान, खवाटे आणि हात यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दीर्घकालीन दुखण्यात उपयोगी दिसले. केवळ स्नायू ताणण्याच्या व्यायामांपासून मात्र लाभाची अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मान या खांद्यावरून त्या खांद्यावर ओढत राहणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

डेन्मार्कमधील एक प्रयोग तर आपल्यासारख्यांसाठीच केल्यासारखा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मान व खांदे दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी भाग घेतला. दहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, एका गटाने रबरी पट्टीचा व्यायाम रोज दोन मिनिटे केला, दुसऱ्याने बारा मिनिटे. तिसऱ्या गटास केवळ माहिती पुरवण्यात आली. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची वेदना लक्षणीय कमी झाली. हा व्यायाम पिलाटेस नव्हता. परंतु ‘वेळ मिळत नाही’ या आपल्या नेहमीच्या सबबीला त्याने चांगलेच उत्तर दिले आहे. आवर्ती ठेवीचा हप्ता लहान असला तरी तो चुकवायचा नसतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

घरी करण्याजोगे सहा व्यायाम

पुढील व्यायाम मला शिकवण्यात आले त्या क्रमाने देत आहे. जमिनीवर जाड सतरंजी आणि एक घडी केलेला टॉवेल एवढीच सामग्री लागते. प्रथम जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि एकदा त्यांच्यासमोर करून मगच घरी करावे.

१. बरगड्यांचा श्वास. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, पावले जमिनीवर टेकवावीत. हनुवटी छताकडे उचलली जात असेल तर डोक्याखाली टॉवेलची घडी घ्यावी. हात बरगड्यांच्या बाजूंवर ठेवून श्वास नाकाने घ्यावा. बरगड्या दोन्ही बाजूंना पसराव्यात, खांदे मात्र कानांकडे जाऊ देऊ नयेत. श्वास सावकाश सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावे. असे आठ श्वास.

२. होकाराची मान. त्याच स्थितीत, एखाद्याला हळूच ‘हो’ म्हणावे तशी हनुवटी किंचित गळ्याकडे आणावी. डोके उचलू नये, रेटूही नये. ही हालचाल एवढी लहान असते की पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. मानेच्या बाजूचे मोठे स्नायू ताठ झाले तर जोर अधिक होत आहे असे समजावे. पाच सेकंद थांबून सैल सोडावे. दहा वेळा.

३. खवाट्यांची हालचाल. दोन्ही हात छताकडे सरळ उभे धरावेत. श्वास घेताना बोटे छताकडे न्यावीत, म्हणजे खवाटे जमिनीपासून सुटतील. श्वास सोडताना ते पुन्हा जमिनीवर टेकू द्यावेत. कोपरे वाकवू नयेत. दहा वेळा.

४. एक पाय उचलणे. ओटीपोट हलकेच आत धरून एक गुडघा कमरेच्या वर येईपर्यंत पाय उचलावा आणि सावकाश खाली ठेवावा. मग दुसरा. कंबर व मान अजिबात हलता कामा नये. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा.

५. खातेवही उघडणे. कुशीवर झोपून गुडघे वाकवावेत, डोक्याखाली उशी घ्यावी, दोन्ही तळहात समोर एकमेकांवर ठेवावेत. श्वास सोडत वरचा हात कमान करून मागच्या बाजूस उघडावा. नजर हाताबरोबर जाऊ द्यावी. गुडघे जागचे हलू नयेत. यामुळे छातीमागचे आखडलेले मणके मोकळे होतात. दोन्ही कुशींवर पाच-पाच वेळा.

६. लहान भुजंग. पालथे झोपून कपाळ हाताच्या पंजांवर टेकवावे. श्वास सोडताना खवाटे हलकेच कमरेच्या दिशेने सरकवावेत आणि डोके व छाती मिळून चार बोटे वर उचलावीत. नजर जमिनीकडेच ठेवावी. मान मागे मोडू नये. सहा वेळा.

एवढ्यास पंधरा ते वीस मिनिटे लागतात. आठवड्यातून तीन दिवस सारे व्यायाम आणि उरलेल्या दिवशी केवळ पहिले तीन, असा माझा क्रम आहे. व्यायामानंतर थोडा ताण जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु वेदना वाढून दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर प्रमाण कमी करावे. सहा ते बारा आठवडे दिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

सावधगिरी

काही लक्षणे असतील तर व्यायामाआधी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. हातात वाढत जाणारा बधिरपणा किंवा अशक्तपणा, शर्टाची बटणे लावताना वा लिहिताना बोटांचा गोंधळ, चालताना तोल जाणे, लघवी वा शौचावरील नियंत्रण जाणे, ताप, कारणाविना वजन घटणे, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे आणि विश्रांतीनेही न थांबणारी रात्रीची वेदना, ही ती लक्षणे. मान व जबड्यातील दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम येत असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेथे क्षणाचाही विलंब नको.

पिलाटेसमधील सर्वच व्यायाम मानदुखीत चालतात असे नाही. या पद्धतीतील सुप्रसिद्ध ‘शंभरी’त डोके उचलून धरून हात शंभर वेळा हलवायचे असतात; दुबळ्या मानेला ते सुरुवातीस झेपत नाही. ते डोके टेकवूनच करावे किंवा टाळावे. पाय डोक्यामागे नेणारे लोळण्याचे प्रकारही टाळावेत. याच कारणाने हलासन, सर्वांगासन आणि शीर्षासन यांविषयीही सावध राहावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ पुढे गोल करणारे व्यायाम करू नयेत. गळपट्ट्याचेही तसेच. काही दुखापतींत व शस्त्रक्रियांनंतर तो आवश्यक असतो. सामान्य मानदुखीत तो महिनोन्‌महिने वापरला तर स्नायू आणखी दुबळे होतात. तो कधी सोडायचा, हे प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारावे. मी ते विचारले नव्हते.

शिक्षक निवडताना

२००० साली अमेरिकेतील एका न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे कोणा एकाच्या मालकीचे व्यापारचिन्ह नसून, योगाप्रमाणेच एका व्यायामपद्धतीचे सामान्य नाव आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे ही विद्या सर्वांना खुली झाली. त्याचबरोबर फलक लावणे कोणालाही शक्य झाले. बँकेत खाते उघडताना आपण ओळखपत्र मागतो. मान सोपवताना तर ते अधिकच आवश्यक आहे. दुखणे असलेल्यांनी शक्यतो फिजिओथेरपीची पदवी आणि या पद्धतीचे प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीकडे जावे. प्रथम भेटीत दुखण्याचा इतिहास न विचारता व्यायाम सुरू करणाऱ्यांपासून दूर राहावे. स्प्रिंगांची महागडी यंत्रे अनिवार्य नाहीत, वर्षभराचे शुल्क एकदम भरण्याचीही घाई करू नये. सरकारी व महापालिका रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागांतही मानेचे व्यायाम शिकवले जातात, याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो.

टेबलावर आणि काउंटरवर

वीस मिनिटांचा व्यायाम उरलेल्या आठ तासांना पुरणार नाही. म्हणून बसण्याच्या सवयीही बदलाव्या लागतात. संगणकाचा पडदा अगदी समोर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी. पडदा ठेंगणा असेल तर खाली जुनी जाड पुस्तके ठेवावीत. कोपर टेबलाच्या उंचीला यावे. दूरध्वनी कान आणि खांदा यांच्यात धरून टंकलेखन करू नये. मोबाइल खाली पाहण्याऐवजी वर उचलावा. व्हाउचरे एकाच बाजूला ठेवण्याऐवजी समोर उतरणीवर ठेवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर अर्ध्या तासाने उठावे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता मी ती मुद्दाम दूरच्या कपाटात ठेवते. खतावण्यांच्या काळातील येरझारांची ती अल्पशी भरपाई.

अनुभवाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेत शिकल्याने जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. नावे बाजूस हे की मानदुखी माझ्या आयुष्यातून पूर्णपणे गेलेली नाही. मार्चअखेरीस ती हजेरी लावतेच. व्यायाम आठवडाभर चुकला तर आठवण करून देते. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच फरक जाणवला नाही आणि हे सारे व्यर्थ आहे, असे मनाने घेतले होते. जमा बाजूस हे की चौथ्या महिन्यात गळपट्टा कपाटात गेला तो अद्याप बाहेर आलेला नाही. गोळी क्वचितच लागते. पदोन्नतीतून नाव मागे घेण्याचे पत्र मी दिले नाही. दुखले तरी आता भीती वाटत नाही, कारण काय करायचे ते ठाऊक आहे. मला वाटते, हाच सर्वांत मोठा लाभ.

मध्यंतरी कन्येच्या वर्गाचा कार्यक्रम झाला. घरी परतल्यावर मी तिला म्हटले, “बघ गं, मला आता जमते का.” खांदे स्थिर ठेवून मी मान उजवीकडे सरकवली, मग डावीकडे. जेमतेम बोटभर सरकली असेल. “आई, तुझी सुंदरी अजून कच्ची आहे,” असे म्हणून ती खळखळून हसली. कळ मात्र आली नाही.

वाचकहो, हा अंक खाली ठेवल्यावर पाठ सरळ करून बसावे, खांदे सैल सोडावेत आणि मानेने एक लहानसा होकार द्यावा. दुखणे जुने असेल तर या आठवड्यातच जाणकाराची भेट ठरवावी. पहिला हप्ता लहान असला तरी चालेल. तो आजच भरावा.